बसून काम

कप माझ्या हातातून पडला, पण मी तो सोडला नव्हता. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. चंदर, आमचा शिपाई, फडकं घेऊन धावला. रंगनाथ भाऊसाहेब, आमचे हेडक्लार्क, मान वर न काढता म्हणाले, "ताई, लक्ष कुठंय तुमचं?" लक्ष कुठं असणार? कपावरच होतं. कपाचा कान माझ्या बोटात अडकलेला मला दिसत होता, वाफ दिसत होती, फक्त बोटांना त्याचा पत्ता नव्हता. कप हळूहळू कलला आणि गेला, आणि मी बघत राहिले, हात दुसऱ्याच कुणाचा असावा तशी. सभेच्या इतिवृत्तावर चहा सांडला. "जाऊ द्या, पुन्हा प्रिंट काढते," मी म्हटलं आणि वर हसलेसुद्धा. हसले कशाला कुणास ठाऊक. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागं, पहिल्या मजल्यावर, एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात मी मराठी टायपिस्ट आहे, आणि उजवा हात गेला तर उज्वला नावाच्या बाईचं या ऑफिसात दुसरं काही काम नाही.

तसा हात बरेच दिवस काहीबाही सांगत होता. वेणी घालताना मुंग्या यायच्या. मी म्हणायचे, थंडी आहे. थंडी सरली, मुंग्या राहिल्या. मग मी म्हणायचे, वय आहे. माणूस स्वतःला किती सहज गंडवतो! संध्याकाळी होळकर पुलावरून स्कूटी नेताना मागं बघायचं तर मान वळायची नाही, कमरेपासून सगळं अंग वळवावं लागायचं आणि मागचा रिक्षावाला माझा उद्धार करायचा. याचं कारण काय असेल हे मला कळत नव्हतं असं नाही. रोज सकाळी मी त्या कारणावरच तर जाऊन बसत होते. माझी खुर्ची म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यावर प्लॅस्टिकच्या वायरचं विणकाम. माझ्या आधीच्या टायपिस्टबाई चांगल्या धिप्पाड होत्या, त्यांच्या आकाराचा खड्डा त्या विणकामात पडलाय. त्या निवृत्त झाल्या, खड्डा मला मिळाला. त्यावर जुन्या साडीची घडी टाकावी तर पाय लोंबकळतात, काढावी तर टेबल गळ्याशी येतं. टेबल मुळात रजिस्टरं लिहायचं. त्यावर कीबोर्ड ठेवला की खांदे आपोआप कानाकडं चढतात. वायर पुरत नाही म्हणून स्क्रीन डाव्या कोपऱ्यात, म्हणजे अंग एकीकडं आणि तोंड एकीकडं. पाय मी सीपीयूच्या डब्यावर ठेवायचे. दसऱ्याला चंदर त्या डब्याला हळदकुंकू लावून झेंडूची फुलं वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी ती फुलं बाजूला सारून पुन्हा पाय ठेवायचे. भाऊसाहेब कळवळायचे, "अहो ताई, यंत्र आहे ते!" मी म्हणायचे, पाय पण माझेच आहेत, कुठं ठेवू सांगा.

घरी मात्र मी यातलं अवाक्षर काढलं नाही. घरी आई आहे. आक्काबाई, सायखेड्याची. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं कॉलनीत आली आणि मग मीच तिला जाऊ दिलं नाही. आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात कांदे लावले. सकाळी वाफ्यात ओणवी झालेली बाई दुपारी भाकरीपुरती सरळ व्हायची, की पुन्हा ओणवी. मी लहानपणी तिच्याबरोबर जायचे तेव्हा बांधावरून मला आईचं तोंड कधी दिसायचं नाही, पाठच दिसायची. चिखलात सरकत जाणाऱ्या सगळ्या पाठींतून मी आईची ओळखायचे. ती पाठ आता तशीच राहिलीय. ओटा झाडताना, चालताना, फोटोतसुद्धा. आणि गावात खुर्ची म्हणजे काय होतं? कुणाच्या दारात आमच्या वस्तीतलं माणूस गेलं तर उभं राहायचं, नाहीतर खाली टेकायचं. समोर चार खुर्च्या रिकाम्या असल्या तरी त्या आपल्यासाठी आहेत असं आपल्याला वाटायचं नाही, आणि त्यांना तर नाहीच. म्हणून आईची एकच रट होती: "माझ्या पोरीला बसून काम पाहिजे." कुठलं काम, कसलं काम, तिला काही घेणं नव्हतं. 'डॉक्टर हो' म्हणाली नाही, 'मास्तरीण हो' म्हणाली नाही. बसून करायचं काम! टायपिंगच्या क्लासला मी निफाडला जायचे तेव्हा ती माझ्याबरोबर एसटीनं यायची, तासभर बाहेर पायरीवर बसून ऐकायची. म्हणायची, "आत लाह्या फुटल्यावानी वाजतंय, तुझ्या कोणत्या गं त्यातल्या?" नोकरी लागली त्या दिवशी तिनं वस्तीभर सांगितलं: माझी उज्वला खुर्चीवर बसती, डोक्यावर पंखा. अजूनही कॉलनीतल्या बायकांना तेच सांगते. आता या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू की आई, बसून माझी मान धरली? तिच्या पाठीला कुणी कधी विचारलं होतं? एकदा आडून बोलून पाहिलं, "मान दुखते गं आजकाल." ती म्हणाली, "उशी बदल." झालं! विषय संपला. मी चिडून स्वयंपाकघरात गेले आणि डाव्या हातानं कणीक मळू लागले, आणि मला वाटलं, हिला कधीच कळायचं नाही.

कप पडल्यावर मात्र मी घाबरून डॉक्टरांकडं गेले, कुणाला न सांगता. त्यांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडं पाठवलं. तेजल तिचं नाव, माझ्या निम्म्या वयाची. तिनं मला एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "ऑफिसात बसता तशा बसा बरं." मी बसले. खांदे वर, मान पुढं, तोंड डावीकडं, पाय अधांतरी. ती माझ्याभोवती एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "अशा? दिवसभर?" मला एकदम लाज वाटली, कुणी उघडं पाहिल्यासारखी. मी म्हटलं, "अहो, पण मी काहीच करत नाही, नुसती बसते." ती हसली नाही. माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवून म्हणाली, "नुसतं बसणं असं काही नसतं ताई. हे बघा, डोक्यावर हंडा असल्यासारखे खांदे धरलेत तुम्ही. हंडा उतरवता तरी येतो, हे तुम्ही उतरवतच नाही." मग तिनं समजावलं: तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, कमरेला मागून आधार पाहिजे, कोपर टेबलाच्या उंचीला, स्क्रीन डोळ्यांसमोर, आणि अधूनमधून उठायचं. स्नायू हलत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं ते आरामात आहेत, पण ते सुटतच नाहीत, ताणलेलेच राहतात. तिथली नस दाबली जाते आणि बोटं बधिर होतात. "व्यायाम मी देते. पण बसायचं बदललं नाही तर बोटं आणखी जातील. आत्ता बदललं तर हात परत येईल," ती म्हणाली. परत येईल! म्हणजे तो निघालाच होता. घरी येताना स्कूटी चालवत मी रडले, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं तसं दाखवत.

खुर्ची मागायची एवढंच तर होतं. आरशासमोर वाक्य पाठ केलं: भाऊसाहेब, मला उंची कमीजास्त होणारी खुर्ची हवी. यात लाजण्यासारखं काय आहे? पण ऑफिसात त्यांच्यापुढं उभी राहिले आणि तोंडातून एवढंच आलं, "भाऊसाहेब, माझी खुर्ची जरा..." ते स्वतः रबराच्या हवेच्या चकतीवर बसतात, का ते सगळ्या ऑफिसला माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, चकतीवर जरा सरकले, चेहरा आवळला आणि म्हणाले, "ताई, बसायचंच तर काम आहे आपलं. त्यात काय एवढं?" आईचेच शब्द, फक्त त्यांच्या तोंडी. मला त्यांचा रागही येईना. हा माणूस स्वतः दुखणं चकतीत कोंबून बसलाय, मला तो काय देणार? मी "बरोबर आहे" म्हणून परत खड्ड्यात जाऊन बसले. बरोबर आहे म्हणे! जीभ झडली कशी नाही माझी?

खुर्ची नव्हती असं मात्र नव्हतं. आत साहेबांच्या केबिनमध्ये होती. आमचे मॅनेजर साहेब निवृत्त झाले, नवे अजून नेमले गेले नव्हते. जुन्या साहेबांनी जाता जाता एक नवीन खुर्ची घेतली होती: काळी, पाठीला जाळी, खाली चाकं, बाजूला खटका. त्यांना ती फारशी लाभली नाही. ती तशीच केबिनमध्ये होती, पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल. साहेब नसले तरी टॉवेल होता. चंदर दर सोमवारी तो धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा खुर्चीच्या पाठीवर दोन्ही बाजू सारख्या ओढून टाकायचा. मी एकदा विचारलं, "कुणासाठी रे?" तर म्हणाला, "खुर्ची साहेबांची आहे ना ताई." "साहेब कुठायत?" "येतील की." तिच्यावर तो टॉवेल असेपर्यंत कुणी बसणार नव्हतं. बसू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

एका दुपारी भाऊसाहेब जेवायला घरी गेले, चंदर झेरॉक्सला, आणि मी आत जाऊन बसले. इतकं सोपं होतं ते. आधी काठावरच टेकले, जणू कुणी आलंच तर म्हणता येईल की काही शोधत होते. मग मागं सरकले. कमरेच्या खोबणीत काहीतरी येऊन टेकलं, आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की तिथं माझी कंबर आहे. खटका दाबला, खुर्ची खाली आली, आणि माझे तळपाय फरशीला लागले. दोन्ही, अख्खे. साहेबांचं टेबल बसकं होतं, कोपर आपोआप त्यावर आले, खांदे उतरले, मानेतलं काहीतरी सैल होत गेलं. जरा वेळानं बोटांत मुंग्या सुटल्या, झोंबणाऱ्या, दुखणाऱ्या, हात परत येताना येतात तशा. मी एकटीच हसले. मग रोज जाऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत घाईनं डबा संपवायचा आणि आत. हळूहळू साहेबांच्या कॉम्प्युटरवर काम करायला लागले. चंदरनं पाहिलं, तेव्हा टॉवेल चुरगळू नये म्हणून मला पुढं वाकायला सांगून त्यानं तो सरळ केला. पण सुट्टी संपली की मी चोरासारखी उठायचे, पुन्हा खड्ड्यात, आणि चारच्या चहापर्यंत बोटं पुन्हा बधिर. सुट्टी इवलीशी आणि दिवस हा एवढा मोठा. असं किती दिवस चालणार, आणि हात पुढं जातोय की मागं, हे काही मला कळत नव्हतं.

त्या दुपारी मी अशीच आत होते. केबिनची खिडकी खुर्चीच्या मागं आहे; दुपारी तिच्यातून नुसता उजेड भसाभस आत येतो आणि खुर्चीवरचं माणूस समोरच्याला काळं दिसतं. दारात चपला काढल्याचा आवाज झाला. मला वाटलं कुणी सभासद आहे, आता उठते म्हटलं तर पकडली जाईन, म्हणून तशीच बसले. आत आली ती आई. पदर डोक्यावर, ऑपरेशनचा काळा चष्मा, पाठ तशीच वाकलेली. ती कधी माझ्या ऑफिसात आली नव्हती. टेबलापासून बरीच लांब उभी राहिली, टॉवेलाच्या खुर्चीकडं पाहून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "साहेब, नमस्कार. माझी पोरगी तुमच्या हाताखाली हाय. उज्वला. टायपिंगची."

माझी आई माझ्यापुढं हात जोडून उभी होती. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. "बसा," मी म्हटलं. आवाज असा घोगरा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही.

"नको साहेब, उभीच बरी," ती म्हणाली. "मी काय वेळ घ्यायची नाय तुमचा. तुमच्या ऑफिसचं काम कसं चालतं, मला अडाणी बाईला काय कळत नाय. पण साहेब, पोरीचा हात चाललाय. मला सांगत नाय ती. डाव्या हातानं कणीक मळती, तिला वाटतं का मला दिसत नाय? डोळ्याचं आपरेशन झालंय, मी काय आंधळी नाय. झोपंत तो हात छातीशी धरून पडती, लहान लेकरू धरावं तसा. मी तिला लय सांगत आले, बसून काम कर, बसून काम कर. आता तिला वाटतं, आईला कसं सांगू." जोडलेले हात तिनं खाली घेतले नव्हते. "मी कांदे लावले साहेब जन्मभर. माझी पाठ लय दुखली. लय म्हंजे लय. कुणाला सांगितलं नाय, कारण इचारणारं कोण होतं? पण तिला कुणीतरी इचारलं पाहिजे ना. बसून बी दुखत असल. दुखत असल तर दुखतंच. तिला एक चांगली खुर्ची द्या. एवढंच मागायला आले."

आई, मी आहे गं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. उठून तिला मिठी मारावी असं इतकं वाटत होतं की पायांत कळ आली. पण मी उठले असते तर ती जे बोलली ते सगळं तिला परत घ्यावं लागलं असतं, लाजेनं; आणि मला ते बोलणं परत द्यायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिनं दुखलं म्हटलं होतं. म्हणून मी साहेबच राहिले. म्हटलं, "मिळेल. तिला खुर्ची मिळेल."

"लय उपकार होतील." ती वळली, दारापर्यंत गेली, थांबली. "साहेब, मी आले होते हे तिला सांगू नका. तिला वाटतं मला कळत नाय. वाटू द्या तसंच."

"नाही सांगत," साहेब म्हणाले.

ती गेल्यावर मी बराच वेळ टॉवेलात तोंड खुपसून रडले, मनसोक्त, चंदरच्या धुण्याची पर्वा न करता. मग तोंड पुसलं, खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावले आणि ढकलत बाहेर आणली. उंबऱ्यावर चाकं अडली तेव्हा चंदरनं न विचारता पुढून उचलली. भाऊसाहेब नुकतेच जेवून येत होते. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खुर्ची माझ्या टेबलाला नेतेय." "कुणाच्या परवानगीनं?" मी म्हटलं, "तोंडी अर्ज आला होता भाऊसाहेब. साहेबांच्या खुर्चीतून मंजूर झालाय." त्यांनी माझ्या रडलेल्या डोळ्यांकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं. मला वाटलं आता नियम काढतील. मी आधीच सांगून टाकलं, एका दमात, आरशासमोर कधी जमलं नव्हतं तसं: "माझी बोटं बधिर होतात. त्या दिवशी कप मी सोडला नव्हता. त्या जुन्या खुर्चीत बसले तर माझा हात जाईल आणि मी तो जाऊ देणार नाही. नवे साहेब आले तर त्यांना हेच सांगेन." भाऊसाहेब चकतीशी गेले, बसले, जरा सरकले. म्हणाले, "पाय टेकतात का तिच्यावर बसून?" मी म्हटलं, टेकतात. "मग राहू द्या," ते म्हणाले, आणि जरा वेळानं, हळूच, "मला पण सांगा कुठं मिळते ती."

संध्याकाळी घरी आले तर आई नेहमीसारखी भिंतीला टेकून खाली बसली होती, मेथी निवडत. मी म्हटलं, आज ऑफिसात मला नवीन खुर्ची मिळाली. "हो का?" ती म्हणाली. "साहेबांनी दिली?" मी हो म्हटलं. "भला माणूस दिसतोय," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. किती छान नाटक करते ही, मला वाटलं, आणि हसूही आलं. त्या खुर्चीत मीच होते हे हिला कधीच कळणार नाही, एवढं एक तरी मी तिच्यापासून लपवू शकले याचं मला बरं वाटलं. मी कपडे बदलून आले, पंख्याखाली बसले, बोटं एकेक करून उघडली-मिटली. आई भिंतीला धरून उठली, आत गेली, आतून भांड्याचा आवाज आला. ती हळदीचं दूध घेऊन आली, गरम, आणि माझ्यापुढं धरलं.

"मला कशाला?" मी विचारलं. "मला काही झालं नाही."

"घे," आई म्हणाली. "दुपारी आवाज लय बसला होता तुझा."